तीनदा निवडलेले तांदूळ

चैत्री पौर्णिमा दोन दिवसांवर आली की मी ट्रंकेतलं एक पांढरं फडकं काढते, स्वच्छ धुते, उन्हात कडकडीत वाळवते आणि पौर्णिमेला कोठीच्या खोलीतल्या एका पत्र्याच्या डब्यावर बांधते. डब्यात गहू असतो. पुढचे सात दिवस त्याला कुणी हात लावायचा नाही, असा आमच्या कळस गावच्या घरात रिवाज आहे. तो आमच्या जातीत नाही, गावात नाही, भावकीतही नाही. यंदा नव्या सुनेनं विचारलं, "आत्या, झाकणाच्या डब्याला आणि फडकं कशाला? उंदरं पत्रा खात्यात व्हय?" पोरगी तोंडाची तिखट आहे, मला आवडते. मी म्हटलं, सांगते कधीतरी निवांत. पण निवांतपणा काही मिळेना, म्हणून आता लिहूनच काढते.

चैत्र आमच्याकडे तसा मोकळा महिना. शाळू निघालेला असतो, कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात, गहू मळून पोत्यात गेलेला असतो. हनुमान जयंतीला मारुतीच्या पारावर सुंठवडा वाटतात आणि दुपारी लिंबाच्या मोहराचा कडसर गोड वास अंगणभर पसरतो. त्या वासानं मला परदेश आठवतो. हे मी सहसा बोलत नाही. लोक म्हणतील, बाई एकदा विमानात बसली ती अजून खाली उतरलेली नाही.

त्र्याण्णव सालची गोष्ट. बारामती आणि इंदापूर तालुक्यांतल्या वीसेक शेतकऱ्यांची इस्राएलला अभ्यासाची सहल निघाली. वाळवंटात थेंब थेंब पाण्यावर बागा कशा उभ्या करतात ते बघून यायचं होतं. आमच्या घरातून माझे सासरे आणि नवरा अशी दोन नावं होती. ऐन वेळी नवऱ्याचा शाळेचा दाखला सापडेना, त्यामुळं त्याचा पासपोर्ट निघाला नाही. माझा दाखला मी लग्नातल्या शालूत गुंडाळून ठेवला होता, म्हणून मी गेले. त्यावरून आजही आमच्या घरात अधूनमधून भांडण होतं.

सासऱ्यांना सगळे आबा म्हणत. आबांची अर्धी हयात मेंढरांमागं गेली होती. दिवाळी झाली की कळप घेऊन घाट उतरायचं, कोकणात भाताच्या मोकळ्या खाचरांत मेंढरं बसवायची आणि उन्हाळ्याच्या तोंडाला माघारी फिरायचं. पुढं मेंढरं विकली, खडकाळ आठ एकरांत शेती धरली. ज्या दिवशी शेवटची मेंढी दावणीतून गेली त्या दिवसापासून आबांनी मटणाला हात लावला नाही. कारण विचारलं तर "आता त्येंच्या जिवावर जगत न्हाय, मग खायाचं कशापायी" एवढंच म्हणत. त्या आठ एकरांत त्यांना डाळिंबाची बाग हवी होती. विहिरीला पाणी होतं ते दोन एकर ऊससुद्धा भिजेल इतकं नाही. लोक हसायचे. त्यामुळं ते वाळवंटातलं पाणी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं हा त्यांचा ध्यास झाला होता. अडुसष्टाव्या वर्षी ते विमानात बसले ते त्यासाठी.

निघताना सासूबाईंनी दशम्यांचं गाठोडं दिलं. गव्हाचं पीठ दुधात भिजवून केलेल्या दशम्या, चार-पाच दिवस सहज टिकणाऱ्या. गाठोडं माझ्या हातात देताना म्हणाल्या, माणूस जसाच्या तसा माघारी आण. आबांचं पोट भाकरीवर किंवा दशमीवरच चाले. भात त्यांच्या लेखी आजाऱ्याचं अन्न होतं. पण बारामतीच्या स्टँडवरून गाडी सुटून पुरता तासही झाला नसेल, तोवर सहलीतल्या बावडा गावच्या मंडळींनी "काकू, वास लई झ्याक येतोय" असं म्हणत निम्म्या दशम्या फस्त केल्या. आबांनीच आग्रह करकरून वाढल्या. वाटून खाणारा माणूस, त्याला कोण काय सांगणार.

आम्ही उतरलो तो दिवस चैत्री पौर्णिमेचा. गावाकडं मारुतीचा जन्म आणि इथं ज्यू लोकांचा वर्षातला मोठा सण, वल्हांडणाचा. हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं. सहल नेणारे बारामतीचे प्राध्यापक, ज्यांना आम्ही सर म्हणत असू, त्यांनाही तिथं पोचल्यावर कळलं की या सात दिवसांत त्या देशात पाव मिळत नाही. पावच काय, गव्हाची आंबू शकेल अशी कुठलीच वस्तू घरात, दुकानात, हॉटेलात ठेवायची नाही. बाहेर जेवायचं तर कोशर, म्हणजे त्यांच्या धर्माच्या नियमांनी चालणाऱ्या हॉटेलात. तिथं टेबलावर टोपलीत पावाऐवजी मात्सा नावाची चौकोनी, पांढुरकी, कोरडी पोळी यायची. नवरात्रात देवीपुढं कडकण्या बांधतात ना, तशी, फक्त गूळ विसरलेली. बावड्याचे एक बापूराव खिशातून शेंगदाण्याची चटणी काढून तिच्यावर पसरायचे आणि डोळे मिटून खायचे. मला मात्र ती दुसऱ्या दिवसापासून आवडायला लागली. चावताना आवाज होतो तो आवडायचा.

तेल अवीवच्या हॉटेलात मासा आणि बटाटा. जेरुसलेमला अंडं आणि बटाटा. एका ठिकाणी बटाट्याच्या पिठाचा केकसुद्धा आला. सगळं स्वच्छ, वाढणारी माणसं अदबीची, आणि दर वेळी कुणी ना कुणी येऊन मोडक्या इंग्रजीत सांगायचं की पाव नाही, माफ करा, सण आहे. आपल्या सणापायी पाहुण्याची माफी मागणारी माणसं मी पहिल्यांदा बघितली. आम्ही एकादशीच्या दिवशी आलेल्या पाहुण्याला भगर वाढून वर पुण्य मिळाल्याचं ऐकवतो.

सरांनी कारण समजावलं. फार पूर्वी त्यांचे पूर्वज परमुलखात गुलामीत होते. सुटका झाली ती इतक्या घाईत की पीठ फुगायलासुद्धा वेळ मिळाला नाही. तसंच भाजलं, खांद्यावर टाकलं आणि निघाले. म्हणून दर वर्षी सात दिवस तेच खायचं. बसमधले बाकीचे ऐकून खिडकीबाहेर बघायला लागले. आबा मात्र बराच वेळ मात्साचा तुकडा हातात फिरवत होते. मग म्हणाले, "म्हंजी वाट चालताना जे खाल्लं, ते घर झाल्यावर बी इसरायचं न्हाय. चांगलं हाय की." पण तुकडा त्यांनी खाल्ला नाही. इतकं कडक चावायला दात नव्हते.

एका दुकानात साबण घ्यायला गेलो, तर निम्मी फडताळं पांढऱ्या कापडानं झाकलेली. मला वाटलं माल संपला. सर म्हणाले, माल आहे, पण तो गव्हाचा आहे. सण संपेपर्यंत विकायचा नाही आणि दिसूही द्यायचा नाही. दुकान त्यांचं, माल त्यांचा, आणि तरी कापड घट्ट बांधलेलं. मी ते कापड चिमटीत धरून पाहिलं होतं. आपल्याकडच्या मांजरपाटासारखं होतं.

आबांची तब्येत तिसऱ्या दिवशी घसरली. मटण वर्ज्य, माशाचा वास सोसेना, अंड्याला हात लावत नव्हते, बटाटा किती खाणार. खोलीत दिवसाला अर्धी दशमी आणि चहा एवढ्यावर ते होते. (ती दशमी खोलीतही आणायला नको होती हे नंतर कळलं.) चौथ्या दिवशी सकाळी बसची पायरी चढताना त्यांना भोवळ आली. सरांनी मला बाजूला घेतलं. दुसऱ्या दिवशी वाळवंटातल्या बागेवर जायचं होतं, दिवसभर उन्हात. सर चांगला माणूस, पण वीस जणांची जबाबदारी त्यांच्यावर. म्हणाले, आज दुपारी आबा पोटभर जेवले नाहीत तर उद्या त्यांना मी नेणार नाही, ते हॉटेलातच राहतील. मी आबांना सांगितलं. इतक्या लांब येऊन बागेच्या वेशीवरून परतायचं, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. मला रडू येत होतं आणि रागही येत होता. बावड्याच्या मंडळींचा, बटाट्याचा, आबांच्या हट्टाचा, सगळ्याचाच.

त्या दुपारी आम्ही बीरशेबा नावाच्या गावात जेवायला थांबलो. वाळवंटाच्या तोंडावरचं गाव, ऊन आपल्या इंदापूरसारखंच. हॉटेलाचा मालक बगदादकडून आलेला ज्यू. इथं भात होता, पण मटणाच्या रश्शात शिजवलेला. आबांनी ताट हळूच पुढं सारलं, गाठोडं सोडलं आणि उरलेल्या दोन दशम्या टेबलावर ठेवल्या.

कोपऱ्यात एक दाढीवाले गृहस्थ बसले होते. अशा हॉटेलात नियम पाळले जातात की नाही हे बघायला एक माणूस नेमलेला असतो. भिंतीवर त्याच्या सहीचा कागद असतो. तो उतरवला की हॉटेल बंद. ते गृहस्थ उठून आले ते जवळजवळ धावतच. त्यांचं बोलणं आम्हाला कळेना, आमचं त्यांना. मालक पांढराफटक पडला होता. बापूराव उगीच मोठ्यानं "नो प्रॉब्लेम, नो प्रॉब्लेम" म्हणत होते, त्यानं प्रॉब्लेम वाढतच होता. आबांनी दशम्यांवर हात ठेवला होता. त्यांना वाटलं, आपलं अन्न कुणी हिसकावून घेतंय.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून डोक्याला रुमाल बांधलेली पन्नाशीची एक बाई आली. तिनं दशम्यांकडं बघितलं, आबांच्या पटक्याकडं बघितलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "आबा, रागावू नका. आधी त्या बाहेर न्या, मग सांगते."

परक्या मुलखात आपली भाषा अशी पाठीमागून येऊन खांद्यावर हात ठेवते तेव्हा काय होतं, ते मला अजून नीट सांगता येत नाही. माझे डोळे भरून आले एवढं खरं.

बाईंचं नाव एस्तरबाई. अलिबागेकडच्या. विसाव्या वर्षी लग्न होऊन इकडं आल्या, तीस वर्षं झाली. त्यांनी समजावलं की गव्हाची दशमी सणात चालत नाही, आणि या हॉटेलात मटण शिजतं म्हणून दुधाचंही काही चालत नाही. "एका दशमीत दोन्ही नियम मोडलेत तुम्ही," असं म्हणून त्या हसल्या. पण कागद उतरला तर मालकाचा सण बुडणार होता, हेही त्यांनी सांगितलं. हे ऐकल्याबरोबर आबा उठले. दशम्या पदराखाली लेकरू न्यावं तशा उपरण्याखाली धरून बाहेर नेल्या. अन्न टाकायचं तर नाही. रस्त्यापलीकडं एक म्हातारा, वाळवंटात कळप घेऊन फिरणाऱ्या बदू लोकांपैकी, मेंढरं घेऊन उभा होता. आबांनी त्याच्या हातावर दोन्ही दशम्या ठेवल्या. त्यानं त्या कपाळाला लावल्या. दोघं मेंढरांकडं बघत थोडा वेळ उभे राहिले आणि आबा रिकाम्या हातानं परत आले.

दाढीवाल्यांनी स्वतः टेबल धुऊन घेतलं. कागद भिंतीवरच राहिला. आबा आत येईनात. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाले, "बाई, चूक झाली. आमाला ठावं नव्हतं. त्येंला सांगा, आमच्याकडं बी सोवळं आसतं." एस्तरबाईंनी ते सांगितलं. मग आबांना विचारलं, गाव कुठलं, काम काय. आबांनी मेंढरांचं सांगितलं, कोकणात उतरायचो म्हणाले, आणि एस्तरबाई हातातलं फडकं तसंच धरून थांबल्या. "दिवाळीनंतर यायचे ते धनगर? आमच्या वाडीमागच्या खाचरात बसायची मेंढरं. आई त्यांना तांदळाची भाकरी द्यायची."

"शनवारी घाणा बंद ठेवायचं त्ये तेली?"

"तेच आम्ही." कोकणातले ज्यू तेलाचे घाणे चालवत आणि शनिवार पाळत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणतात, हे मला तेव्हा कळलं.

आबा म्हणाले, "मग तुज्या आईच्या हातचं मी खाल्लं आसंल, लेकी." खाल्लं होतं की नाही कोण जाणे. वाड्या पुष्कळ, धनगर पुष्कळ. पण तिथं कुणाला पुरावा नको होता.

एस्तरबाईंनी विचारलं, तांदळाची भाकरी खाल ना? पुढचं सगळं मला रंगासकट आठवतं. त्यांच्या आणि मालकाच्या रिवाजात सणाला तांदूळ चालतो, पण तीनदा निवडून. त्यात चुकून गव्हाचा दाणा राहू नये म्हणून. दाढीवाल्यांचा स्वतःचा रिवाज आणखी कडक, त्यांच्या घरी तांदूळही वर्ज्य. तरी ते म्हणाले, करा, पण निवडताना मी समोर बसणार. आणि चूल एस्तरबाईंनीच पेटवायची, भाकरी त्यांनीच टाकायची. माझ्या वाट्याला निवडणं आलं. पांढऱ्या चादरीवर तांदूळ पसरले. पहिल्यांदा एस्तरबाईंनी निवडले, दुसऱ्यांदा मी. आयुष्यभर तांदूळ निवडले, पण एखादा खडा राहिला तर दाताखाली येईल यापलीकडं कधी भीती वाटली नव्हती. त्या दिवशी एकेक दाणा उलटून बघत होते. या भाकरीवर आबांचं उद्याचं जाणं होतं, आणि एका दाण्यावर मालकाचा कागद.

दोनदा निवडून झाले, काही निघालं नाही. मी म्हटलं, आता झालंच. आबा बाहेरून म्हणाले, "तिसऱ्यांदा मी बघू का?" दाढीवाल्यांनी मान हलवली. आबा हातपाय धुऊन आले आणि चादरीशी मांडी घालून बसले. शंभर मेंढरांत लंगडणारं एक लांबून ओळखणारा माणूस तो. पोटात काही नसताना, भोवळ येत असताना, अर्धा तास त्यांनी तांदळावरून नजर काढली नाही. आणि मग चिमटीत धरून एक दाणा बाहेर काढला. गव्हाचा होता. माझ्या नजरेतून निसटलेला.

दाढीवाल्यांनी तो हातावर घेतला, उजेडात धरला आणि पहिल्यांदा हसले. आबांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलले. एस्तरबाई म्हणाल्या, "म्हणतोय, असे डोळे मला हवे होते." मग त्यांनी दाणा आबांना परत दिला. बाहेर न्यायचा होता ना. आबांनी तो पटक्याच्या टोकाला गाठ मारून बांधला आणि बाहेर जाऊन पायरीवर बसले. तांदूळ तिथंच यंत्रावर दळून भाकरी झाल्यावर एस्तरबाई आत या म्हणाल्या, तर आबा म्हणाले, "माज्यापाशी गहू हाय. मी हितंच बरा."

भाकरी थोडी जाडच झाली होती. तीस वर्षांत हाताची सवय मोडली असं त्या म्हणत होत्या. बरोबर वांग्याचं भरीत आणि कांदा. आबांनी उन्हात, पायरीवर बसून अडीच भाकरी खाल्ल्या. सर दारातून बघत होते. एस्तरबाई उन्हातच आबांशेजारी बसल्या होत्या आणि त्यांच्या गावाकडचा चैत्र कसा असतो ते सांगत होत्या. या सणाला त्यांच्याकडच्या म्हाताऱ्या बाया अजून जुन्या मराठी नावानं ओळखतात म्हणे, अनशी ढाकायचा सण. अनस म्हणजे आंबट कालवणाचं मडकं. ते सणापुरतं झाकून ठेवायचं. झाकून ठेवायचं, टाकून द्यायचं नाही. हे वाक्य मला फार आवडलं.

दुसऱ्या दिवशी आबा बागेत गेले. रेताड रान, काळी नळी, झाडाच्या बुडाशी थेंब. बाकीचे वह्या काढून लिहीत होते. आबा एका झाडापाशी उकिडवे बसले आणि थेंब मोजल्यासारखे बघत राहिले. उठल्यावर मला म्हणाले, "पाणी पाजायचं न्हाय. चाखवायचं." परत आल्यावर आमच्या आठ एकरांपैकी तीन एकरांत नळ्या पडल्या आणि चौथ्या वर्षी डाळिंब लागलं. आजचं हे पक्कं घर, मुलांची शिक्षणं, सगळं त्या बागेतून आलं. कष्ट आमचेच होते, पण मला कुणी विचारलं तर मी अडीच भाकरीपासून सांगायला सुरुवात करते. एस्तरबाईंचं वर्षाला एक पत्र यायचं. पुढं ते यायचं थांबलं. कुणाला लिहावं ते कळत नव्हतं, तरीही मी दोनदा लिहिलं.

आणि तो दाणा. आबांनी तो पटक्यात बांधून घरी आणला. कार्तिकात डाळिंबाच्या रोपाशेजारी, नळीच्या थेंबाखाली पेरला. सासूबाई म्हणायच्या, म्हातारा भ्रमिष्ट झाला, एका दाण्याला राखण बसतोय. फाल्गुनात ओंजळभर गहू झाले. आबांनी तेही पेरले. पुढच्या साली पायली भरली, तीही पेरली. तिसऱ्या वर्षी अर्धं पोतं निघालं तेव्हा कुठं त्यांनी दळायला परवानगी दिली.

त्या दिवशी योगायोगानं चैत्री पौर्णिमा होती. पारावरून सुंठवडा आलेला, लिंब मोहरलेला. सासूबाईंनी पीठ चाळून परातीत घेतलं, दूध तापवून ठेवलं. आबा मारुतीचं दर्शन घेऊन आले, परातीकडं बघितलं आणि म्हणाले, "आज नगं. तिच्याकडं आजपास्नं सात दिस गहू बंद आसतोय."

सासूबाई म्हणाल्या, "आवो, हितं कोण बघायला येतंय?"

"तितं तरी मला कोण वळखत हुतं? पर माज्यासाठी तिनं तांदूळ तीनदा निवडून घेतलं."

त्यांनी डोक्याचा जुना पांढरा पटका उतरवला, त्याचं टोक फाडलं आणि त्या गव्हाच्या डब्यावर बांधलं. पीठही त्यातच ठेवलं. सात दिवस आम्ही ज्वारी खाल्ली. आठव्या दिवशी सकाळी आबांनी स्वतः गाठ सोडली. सासूबाईंनी दशम्या केल्या. पहिली दशमी हातात घेऊन आबा उठले, आणि घरात एवढी जागा असताना बाहेर उन्हात पायरीवर जाऊन बसले.